विरजण

मेडशीच्या हिरीबाईला विरजण कधी लागतच नव्हतं. तिच्या शिंक्यात दह्याचं मडकं बाराही महिने भरलेलं असायचं, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांना विरजण तीच पुरवायची. तरी गेली चौतीस वर्षं ती हातात वाटी घेऊन शेजारच्या सोजरबाईच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "सोजरे, जरासं इरजन दे वं." कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवे लागल्यावर. दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. मग हिरीबाईला ठाऊक नव्हतं की काय? होतं. पण त्या वेळी आत सोजरबाईचा नवरा तिला मारत असायचा, आणि परकी बाई दारात आली की त्याचा हात थांबायचा. त्या वाटीचं काम तेवढंच होतं.

नवऱ्याचं नाव उकंडराव. सोळा एकर जमीन, सोयाबीन आणि तूर, दोन बैल, एक मोटरसायकल. गावात त्याच्याएवढा गोड माणूस शोधून सापडायचा नाही. रस्त्याने जाताना लहानथोरांना रामराम, पंगतीत आधी दुसऱ्याच्या पानाकडे लक्ष, कुणाच्या बैलाचा पाय मुरगळला तर हळद घेऊन हा पहिला हजर. आणि घरात? घरात हाच माणूस भाकरीला पापुद्रा आला नाही म्हणून तवा फेकायचा. हाताला येईल ते घ्यायचा. कासरा, चप्पल, पाण्याची कळशी, एकदा तर सायकलचा पंप. सोजरबाईची डावी करंगळी वाकडी आहे, ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची. उजव्या कानाने तिला कमी ऐकू येतं, ते धाकट्या लेकाच्या, हरीओमच्या, बारशानंतरचं. गळ्याखालचं हाड जिथे जुळलं तिथे गाठ आहे, ती केव्हाची हे तिला स्वतःलाही आता सांगता यायचं नाही. मेल्याची कमाल अशी की बाहेरून बाईमाणसाची हाक आली की लगेच सदरा खाली ओढायचा, केसांवरून हात फिरवायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "दे वं, वहिनीले इरजन दे."

मग सोजरबाई उठायची, पदराने तोंड पुसायची आणि वाटीत चमचाभर दही घालायची. कधी त्यात नाकातलं रक्त ठिबकायचं. हिरीबाई ते घरी नेऊन उकिरड्यात ओतायची आणि वाटी घासून ठेवायची. या विषयावर दोघी कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. गल्ली बोलली नाही. पारावरची मंडळी तर कानात बोळे घालूनच बसलेली. असे चौतीस उन्हाळे गेले.

दोन लेकरं झाली. थोरली मंजुषा आणि धाकटा हरीओम. मंजुषा सतरा वर्षांची असताना एकदा मधे पडली आणि कासऱ्याचा वळ तिच्या गालावर उठला. त्या वर्षी ती नर्सिंगला अकोल्याला गेली, तिथून पुण्याला, आणि पुन्हा या घरात दोन दिवसांच्या वर राहिली नाही. फोनवर मात्र दर रविवारी विचारायची, अजून मारतो का. आणि सोजरबाई दर रविवारी सांगायची, नाही वं, आता वय झालं त्याईचं, हात नाही उचलत. पोरीला ते खरं असायला हवं होतं, म्हणून तिने ते खरं मानलं. आईने खोटं का सांगावं? तर लेकीने तिकडे सुखाने दोन घास खावेत म्हणून. दुसरं काय.

गेल्या दिवाळीनंतर मंजुषा आली ती मोबाइलमध्ये जहाज घेऊनच. चौदा मजली जहाज. मुंबईहून निघायचं, समुद्रात चार दिवस फिरायचं आणि मुंबईलाच परत यायचं. आत पोहायचे तलाव, नाटकाचं थिएटर, लिफ्ट, पहाटेपासून रात्रीपर्यंत जेवण. अडीच हजार माणसं एका वेळी. तिने आईबापाच्या नावाने एक खोली ठरवूनही टाकली होती. आईने जन्मात चार दिवस चुलीपासून लांब काढलेले नाहीत, तेवढे तरी काढू दे, असं तिचं म्हणणं.

झालं, घरात वादाला तोंड फुटलं. हरीओमचं जवळच्याच मालेगावला मोटर वायंडिंगचं दुकान. तो त्या दिवशी जेवायला आलेला. तो म्हणाला, हे काय खूळ काढलं ताईने. अडीच हजार माणसं एका डब्यात कोंडायची आणि त्याला सुट्टी म्हणायचं? दुकानं काय, झुंबरं काय, हे सगळं अकोल्याच्या मॉलमध्येही आहे, त्यासाठी समुद्रात कशाला जायचं? फिरायचंच तर काशीला जा, काश्मीरला जा, गाडीतून उतरा, चार माणसांशी बोला, काही तरी पाहा. शिवाय एकाला हगवण लागली की साऱ्या जहाजाला लागते, असं त्याने कुठे तरी पाहिलं होतं. मंजुषाचं उत्तर तयार होतं. काशीला गेली तर आई तिथेही सगळ्यांच्या पिशव्या उचलत फिरेल. इथे बॅग एकदा खोलीत ठेवली की झालं. जिने नाहीत, स्वैपाक नाही, कुणी काही सांगत नाही. ज्या बाईने आयुष्यभर राबराब राबून खाल्लं, तिला नुसतं बसायला मिळणं हेच पाहण्यासारखं आहे. बहीणभावाचं इतकं वाजलं की हरीओम ताटावरून उठून गेला.

गोष्ट एसटी स्टँडवरच्या हॉटेलात पोचायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी तिथे चहाबरोबर जहाजच होतं. लखीराम गुरुजी निवृत्त झाल्यापासून कशावर तरी चिडायला टेकलेलेच असतात. ते म्हणाले, असलं एक जहाज एका दिवसात जेवढं तेल जाळतं तेवढ्यात आपल्या तालुक्याची पेरणी होईल, आणि घाण सगळी समुद्रात. त्यांचा आकडा कुणी तपासला नाही, पण गुरुजी म्हणजे गुरुजी. सलूनवाला ऋषिकेश म्हणाला, माझा साडू जाऊन आला, त्याला विचारा समुद्र कसा आहे. तो जेवणाच्या रांगेतून बाहेरच आला नाही, समुद्र त्याने परत आल्यावर फोटोत पाहिला. कुणी म्हणालं, मग त्यात वाईट काय, एवढं पोटभर गावात कोण वाढतं? दोन गट पडले.

उकंडराव आधी नाहीच म्हणत होता, पाण्यात मरायला कोण जातं म्हणून. पण सारं स्टँड आपल्या जाण्यावरून भांडतंय हे पाहिल्यावर गडी बदलला. मेडशीतून असल्या जहाजावर अजून कुणी गेलेलं नव्हतं. आठ दिवसांत त्याने अकोल्याहून पांढरे बूट आणले, मोबाइलच्या स्टेटसला जहाजाचा फोटो लावला आणि भेटेल त्याला मजले मोजून दाखवू लागला.

या सगळ्यात सोजरबाईचं मत कुणी विचारलं नाही. मंजुषाने तिला खोलीचा फोटो दाखवला. दोन पलंग एकमेकांना जोडलेले, पांढरी चादर, एक गोल खिडकी. सोजरबाईने तो फोटो हातभर लांब धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"हे खिडकी उघडते काय?" तिने विचारलं.

"नाही वं, पाण्यात कशी उघडन?"

"अन् दार?"

"दार एकदम मजबूत. आतून लावलं की बाहेरून कोनी येऊ नाही शकत. आवाज सुद्धा बाहेर जात नाही. निवांत झोपजो."

"शेजारी कोन राहीन?"

मंजुषा हसली. "कोन का असना. तथी कोनी कोनाले वळखत नाही, मजाच तेच हाये."

सोजरबाईने मोबाइल परत दिला. चार दिवस, चार रात्री, बंद खिडकी, आवाज न जाणारं दार, चहूकडे पाणी, आणि आत उकंडराव. लेकीने आईसाठी काय शोधून आणलं होतं, हे लेकीला कळत नव्हतं आणि आईला सांगता येत नव्हतं. 

त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. सोजरबाईला जायचं होतं. खरंच जायचं होतं. ती अठ्ठावन्न वर्षांची, आणि दुसऱ्याने शिजवलेलं ताट पुढे आलंय आणि आपण बसून आहोत, असं तिच्या बाबतीत बाळंतपणातही झालं नव्हतं. मोठं पाणी तिने एकदाच पाहिलं होतं, धरणाचं, तेही एसटीच्या खिडकीतून. मंजुषाने दाखवलेल्या एका व्हिडिओत एक म्हातारी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि नुसती पाण्याकडे पाहत होती. सोजरबाई ती म्हातारी रोज मनात आणून पाहायची.

हिरीबाईच्या ओट्यावर दोघी तूर पाखडत बसल्या होत्या तेव्हा तिने हे सांगून टाकलं. हिरीबाई विधवा, मुलगा पोटापाण्याला सुरतेला, घरात ती आणि एक गाय. तिने सूप खाली ठेवलं. मग चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या विषयावर बोलली.

"सोजरे, माही वाटी समुद्रात नाही पोचत वं."

सोजरबाईच्या हातातलं सूप तिरपं झालं आणि तूर ओट्यावर सांडली. दोघींनी ती दाणा दाणा वेचली. वेचता वेचता सोजरबाई म्हणाली की मग मी पोरीला नाही म्हणून सांगते, गुडघे दुखतात म्हणून. हिरीबाईने मान डोलावली. दोघींनाही रडू आलं, आणि दोघींनी ते तुरीच्या भुसावर ढकललं.

तिने मंजुषाला फोन केला. नको बाई, माझ्याच्याने होत नाही, गुडघे साथ देत नाहीत. मंजुषा दुखावली. एवढ्या हौसेने केलं आणि आईला किंमत नाही, असं तिला वाटलं. चिडून तिने बापाला फोन लावला, आई येत नाही, मी खोली रद्द करते. आता उकंडरावाची एक खोड होती. फोन तो कानाला लावायचाच नाही. समोर धरून स्पीकरवर बोलायचा, म्हणजे आपल्याला पुण्याहून फोन येतात हे चार जणांना कळावं. सकाळचे अकरा वाजलेले, स्टँडवरचं हॉटेल भरलेलं, आणि त्या भरल्या हॉटेलात लेकीचा आवाज घुमला की जहाज रद्द. ऋषिकेश फस्सकन हसला. गुरुजी म्हणाले, चला, समुद्र वाचला.

उकंडराव सगळ्यांबरोबर हसला. चहा संपवला, रामराम केला, पांढऱ्या बुटांनी सावकाश चालत घरी आला.

सोजरबाई चुलीपुढे बसली होती. त्याने मागून तिचा अंबाडा धरला आणि तिला पाठीवर पाडलं. पहिली लाथ बरगडीत बसली. बूट नवे होते, टाच कडक होती. "माही इज्जत काढतं?" एवढंच तो म्हणाला, नंतर बोलला नाही. त्याचं मारणं नेहमी तसंच असायचं, मुकाट्याने, शेतातलं काम उरकावं तसं. खुंटीवरचा कासरा काढला, दुमडला आणि पाठीवर, मांड्यांवर, हातांवर ओढू लागला. ती कुशीवर वळली, डोकं हातांत घेतलं. ते तिला येत होतं. पोट आणि डोकं वाचवायचं, बाकीचं भरून येतं. चोळी फाटली, पाठीवरची कातडी उसवली. ती मनात फक्त दाराची वाट पाहत होती.

आणि हाक आली.

"सोजरे, जरासं इरजन दे वं."

कासरा थांबला. सोजरबाईने श्वास सोडला आणि उठायला हात टेकला. पण या खेपेला उकंडरावाने सदरा ओढला नाही की केसांवरून हात फिरवला नाही. तो दाराशी गेला, हिरीबाईच्या हातातली वाटी काढून घेतली आणि अंगणात भिरकावली. वाटी दगडावर वाजत वाजत लांब गेली.

"इरजन सरलं," तो म्हणाला. "चौतीस वर्सं पाहून राह्यलो तुहं इरजन. मले काय येडा समजतं? जहाजावर जाईन मी हिले घेऊन, अन् तथी येजो तू वाटी घेऊन."

त्याने दार लावलं आणि कडी घातली.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विरजणासाठी तो थांबत होता तो भुलून नव्हे, त्याला थांबायला एक निमित्त चालत होतं म्हणून. आणि आज चालत नव्हतं. सोजरबाईला हे जमिनीवर पडल्या पडल्या कळलं, आणि त्या कळण्याने तिला कासऱ्यापेक्षा जास्त भीती घातली. आज हा थांबणार नाही. आज मरते मी.

इकडे हिरीबाई बंद दारापुढे उभी. एकसष्ट वर्षांची काटकुळी बाई, हात मोकळे. दुसरं बोलणं तिला येतच नव्हतं. या दारात ती आजवर एकच वाक्य बोलली होती आणि ते आता संपलं होतं. आतून पुन्हा कासऱ्याचा आवाज सुरू झाला. हिरीबाई वळली आणि घराला वळसा घालून मागच्या गोठ्यात गेली. गोठ्यातून घरात उघडणाऱ्या दाराला कडी नाही, नुसती सुतळी, हे तिला ठाऊक होतं. उखळाशेजारी मुसळ उभं होतं, बुडाला लोखंडी कडं असलेलं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्या दाराने आत शिरली.

उकंडरावाचा हात वर होता. मुसळ मनगटावर बसलं. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला आणि कासरा खाली पडला. तो वळला, त्याचं तोंड उघडं होतं, आणि दुसरा तडाखा खांद्यावर बसला. गडी भिंतीला टेकून खाली घसरला. हिरीबाईने तिसऱ्यांदा मुसळ उचललं तेव्हा सोजरबाई उठली आणि तिने ते धरलं.

मारू नको म्हणून नाही धरलं हो. तिने ते हिरीबाईच्या हातातून काढून घेतलं. उकंडरावाच्या डोक्यावर धरून ती उभी राहिली, पाठीतून रक्त वाहतंय, केस सुटलेत. त्याने डावा हात डोक्यावर घेतला, गुडघे पोटाशी ओढले. ती चौतीस वर्षं अशीच पडायची. "नको वं," तो म्हणाला, "नको वं सोजर." आपलं नाव त्याच्या तोंडून तिने कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने मुसळ डोक्यावरून बाजूला घेतलं आणि पांढऱ्या बुटावर घातलं, सगळ्या अंगाचा भार टाकून. बुटाच्या आत पाच बोटांची काय दशा झाली ती नंतर एक्सरेत दिसली.

हिरीबाईने कडी काढली. त्याचं किंचाळणं ऐकून गल्ली दारात जमली होती. सोजरबाईच्या किंचाळण्याला कधी कुणी आलं नव्हतं, ते आज आले. सगळ्यांनी आत पाहिलं. मुसळ पाहिलं, कासरा पाहिला, सोजरबाईची पाठ पाहिली. आणि उकंडरावाने एवढी माणसं पाहून डाव्या हाताने सदरा खाली ओढला.

"पडलो ना भाऊ," तो त्याच गोड आवाजात म्हणाला. "मोटरसायकल घसरली."

मोटरसायकल अंगणात झाकून ठेवलेली होती. कुणी हसलं नाही. एका म्हातारीने फक्त पुढे होऊन अंगणातली वाटी उचलली, पदराने पुसली आणि हिरीबाईच्या हातात दिली.

हरीओम गाडी घेऊन आला आणि बापाला अकोल्याला घेऊन गेला. हात आणि पाय दोन्ही प्लास्टरमध्ये, दोन महिने अंथरुणात.

दुसऱ्या दिवशी मंजुषा पोचली ती बापाच्या अपघाताची बातमी ऐकून. घरात आई एकटीच होती आणि आंघोळीला पाणी काढत होती. चोळी पाठीला चिकटलेली. मंजुषा नर्स, तिला वाळलेलं रक्त लांबूनही कळतं. तिने कोमट पाण्याने कापड भिजवून हळूहळू सोडवलं. खाली नवे वळ होते, त्यांच्या खाली जुने, आणि त्यांच्याही खाली आणखी जुने. सोजरबाई तिच्याकडे पाठ करूनच बोलली.

"हात नाही उचलत म्हनत होती ना मी? खोटं होतं. एकबी रविवार खरं नाही बोलली मी तुह्यासंग."

मंजुषा न्हाणीच्या दगडावर बसली आणि ऊर फुटेपर्यंत रडली. त्या बंद खोलीचा फोटो तिला आठवला, आणि निवांत झोप म्हणाली होती तेही. मग ती उठली आणि म्हणाली, चल पोलिसांत, आत्ता चल. सोजरबाईने तिचा हात धरून तिला पुन्हा बसवलं.

"जाऊ. तुह्यासंग येईन मी, अन् या घरात पुन्हा पाय नाही ठेवनार. पन पहिले मले ते पानी पाहू दे. अन् त्याईच्या जागी हिरीचं नाव टाक."

खोली अजून रद्द झालेली नव्हती. रागात तिने म्हटलं होतं, केलं नव्हतं. नाव बदललं, हिरीबाईचं आधार कार्ड लागलं. हरीओम आकांडतांडव करत आला, बाप प्लास्टरमध्ये कण्हून राह्यला अन् तुम्ही जहाजात मजा माराले चालल्या म्हणून. मंजुषाने आईच्या पाठीचे फोटो त्याच्यापुढे धरले. तो बघत राहिला, मग बाहेर जाऊन ओट्यावर बसला. बापाला घास भरवायचं काम त्याने मुकाट्याने अंगावर घेतलं, आणि जहाजाबद्दलचं त्याचं मत पुन्हा कुणी ऐकलं नाही. गाय शेजारणीकडे बांधली. स्टँडवर दोन म्हाताऱ्या एसटीत चढल्या तेव्हा लखीराम गुरुजी चहा घेत होते. ते उठले आणि त्यांची पिशवी त्यांनी गाडीत चढवून दिली.

जहाजाबद्दल त्या दोघींचंही एकमत झालं नाही बरं का. हिरीबाईला पहिल्याच दिवशी उबग आला. हा तर बाजार आहे, ती म्हणाली, लोक ताटं घेऊन एकमेकांना ढकलतात, दही साखर घातलेलं आणि बर्फासारखं गार, गाणं एक मिनिट थांबत नाही, आणि समुद्र बघायला गेलं तर पुढे मोबाइलवाल्यांची भिंत. मेडशीचा आठवडी बाजार बरा, तिथे निदान ओळखीचं माणूस भेटतं. सोजरबाई मात्र खुर्चीत पाय वर घेऊन बसली ती बसलीच. एका पोराने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि विचारलं, आणखी काय देऊ, आजी. पोळी गार होती. ती गार पोळी तिने पुन्हा पुन्हा मागून घेतली आणि खाल्ली. गार पोळीवरून इथे कुणी काही फेकत नव्हतं. खाताना तिचे डोळे वाहत होते आणि हिरीबाई तिला पाण्याचा ग्लास पुढे करत होती.

मंजुषा एका बाबतीत मात्र चुकली होती. भिंती पातळ होत्या. शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू यायचा, नळ ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवून दोघी खोलीत पडल्या होत्या तेव्हा भिंतीपलीकडे पुरुषाचा आवाज आला. मोठा नाही, दबका. मग काही तरी पडलं. मग तो आवाज आला. सोजरबाईचा उजवा कान अधू, तरी तो आवाज तिला पहिल्या खेपेलाच कळला. हिरीबाईही उठून बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दुसरा आला, तिसरा आला, आणि बाईचा आवाज काही आला नाही. म्हणजे तीही पोट आणि डोकं धरून पडली असणार.

सोजरबाई उठली. चहाच्या ट्रेमधला एक कप तिने उचलला, पदर डोक्यावरून घेतला आणि बाहेर जाऊन शेजारचं दार ठोठावलं. आत शांत झालं. तिने पुन्हा ठोठावलं. दार चार बोटं उघडलं. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, घड्याळ. तो हसरा चेहरा करून उभा होता आणि दुसऱ्या हाताने केस सारखे करत होता. काय पाहिजे आजी, त्याने विचारलं, उकंडरावासारख्याच गोड आवाजात.

"भाऊ, जरासं इरजन पाह्यजे होतं."

त्याला कळलं नाही. ती त्याला समजेलसं बोलली, विरजण, दही लावायला. तो म्हणाला, इथे कुठलं विरजण, खाली किचनला फोन करा. तो दार लोटू लागला तेव्हा सोजरबाईने फटीत पाय घातला.  

"तुमाले नाही ठाऊक रायनार भाऊ. घरच्या बाईले इचारा."

तो मागे वळला, तसं दार जरा उघडलं. त्याच्या खांद्यावरून सोजरबाईला ती दिसली. तिशीतली, नखं रंगवलेली, ओठ फुटलेला, पलंगाच्या कडेला धरून उभी राहत होती. तिने सोजरबाईच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, हातातला रिकामा कप पाहिला, वाकडी करंगळी पाहिली. त्या खोलीत दह्याचा थेंब नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. "देते."

ती नवऱ्याच्या शेजारून निघून पुढे आली आणि दारातून बाहेर पडली. तोवर हिरीबाईही दुसरा कप घेऊन येऊन उभी राहिली होती.